दुकानात चालतं, घरी बंद पडतं

बाळीवेशीत गुरुशांतच्या दुकानात ज्वारी हातात घेऊन बघायची मुभा होती, नावं ठेवायची नव्हती. कुणी दाणा किडका म्हटला की तो गिऱ्हाइकाच्या हातातली ज्वारी परत पोत्यात ओतून घ्यायचा आणि शेजारच्या दुकानाकडं बोट दाखवायचा. अशा तिरसट माणसाला घरातल्या एका कॉम्प्युटरनं मात्र पार जेरीला आणलं होतं. पडदा निळा झाला, त्यावर ते रडवेलं तोंड उमटलं, की तो जेवत्या ताटावरून उठायचा. गल्लीतल्या दुसऱ्या कुणाचा कॉम्प्युटर बंद पडला असता तर त्यानं मान वर करून बघितलंही नसतं. पण हा बंद पडला की त्याचा मुलगा मुका व्हायचा.

विरेश त्याचा एकुलता एक मुलगा. हा कॉम्प्युटर त्यानंच सुटे भाग आणून जोडलेला. शिवकुमार नावाच्या मित्राबरोबर त्याचं नवी पेठेत दुरुस्तीचं दुकान होतं आणि पडदा निळा पडला म्हटलं की अर्धं सोलापूर त्याच्याकडं यायचं, असं गुरुशांत सांगायचा. अर्धं नसेल, पण बाळीवेस तरी नक्की यायची. एके दिवशी स्क्रू पिळताना विरेशच्या बोटांतून पेचकस सुटला. त्यानं तो उचलला, पुन्हा सुटला. दोघं मित्र त्यावर हसलेसुद्धा. पुढं कळलं की हा नसांचा आजार आहे आणि त्याच्यावर औषध नाही. आधी हात गेले, मग पाय, मग जीभ. बघता बघता तिशीतला पोरगा खाटेला खिळला आणि हलायला त्याच्याकडं दोन डोळे तेवढे उरले. डोळे मिटून सावकाश उघडले की हो, नुसते रोखून धरले की नाही, एवढंच त्याचं बोलणं.

डॉक्टर म्हणाले होते, “या आजारात डोळे बहुधा शेवटपर्यंत साथ देतात.” त्यातला ‘बहुधा’ त्यांनी हळूच म्हटला होता, पण आयुष्यभर तराजूच्या काट्याकडं बघत आलेल्या माणसाच्या नजरेतून तो सुटला नाही.

विरेशची आई शिवबाई सीमेवरच्या, कन्नड बोलणाऱ्या दुधनीची. पूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोट न घेणारी बाई. पण पोराची जीभ गेली त्या आठवड्यात तिनं देवघराचं दार ओढून घेतलं आणि कडी लावली. गळ्यातलं इष्टलिंग तिनं काढलं नाही, पण हातावर घेऊन त्याची पूजा करणं सोडलं. विभूतीचा गोळा कोनाड्यात धूळ खात पडला. गुरुशांत एकदा काही बोलायला गेला तर ती म्हणाली, “मी त्याच्याशी बोलत न्हाय. त्यानं माझ्या लेकराचं बोलणं न्हेलंय.” तिनं हे रडत म्हटलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. ती भाकरी थापत म्हणाली.

मग उन्हाळा लागता लागता शिवकुमार एक पट्टीसारखा कॅमेरा घेऊन आला. तो पडद्याखाली बसवायचा. विरेशनं पडद्यावरच्या अक्षरावर नजर ठरवली की ते अक्षर उमटायचं, शब्द पुरा झाला की कॉम्प्युटर तो मोठ्यानं म्हणायचा. जुन्या कॉम्प्युटरला हे ओझं झेपेना, म्हणून शिवकुमारनं त्यात नवी रॅम बसवली. रॅम म्हणजे बोटभर रुंदीची एक हिरवी पट्टी, खोबणीत कट्कन बसणारी. “काका, डबा तापतोय लई,” तो म्हणाला. “उन्हाळाभर बाजूचं झाकण काढूनच ठेवू. वारं लागू दे आत.” कूलरसमोर तो लोखंडी डबा उघड्या पोटानं बसला, आणि विरेशनं नजर उचलली.

बराच वेळ गेला. मग स्टेशनवर गाड्यांची वेळ सांगणाऱ्या बाईच्या आवाजात कॉम्प्युटर म्हणाला, “अव्वा.”

घरात आईला अव्वाच म्हणायची रीत होती. शिवबाईच्या हातातला तांब्या खाली पडला. ती खाटेशी आली, पोराचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि कन्नडमध्ये काहीबाही बोलत इतकी रडली, की गुरुशांतला तिथं उभं राहवेना. तो उगाच बाहेर जाऊन सायकलची हवा बघून आला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो दुकानाला निघाला तेव्हा देवघराची कडी निघालेली होती. आत समई लावलेली होती. शिवबाई न्हाऊन, कपाळभर विभूती लावून पूजेला बसली होती. त्याच्या मनात आलं, घर पुन्हा घर झालं.

त्याला आता फक्त एकच ऐकायचं होतं. अप्पा. लेकाच्या तोंडून नव्हे तर नव्हे, त्या गाडीवाल्या बाईच्या तोंडून, पण एकदा अप्पा. तो रोज दुकान लवकर बंद करून यायचा, खाटेजवळ स्टूल ओढून बसायचा आणि ‘मला काही घाई नाही’ असा चेहरा करायचा. विरेश सांगायचा, उशी वर करा. पंखा कमी. शिवकुमारला सांगा, लग्न कर. सगळे हसायचे. एका संध्याकाळी विरेशनं बापाकडं पाहिलं, मग पडद्याकडं. अ उमटला. मग प. गुरुशांत स्टुलावरून अर्धा उठला.

आणि पडदा निळा झाला. रडवेलं तोंड, खाली इंग्रजीच्या दोन ओळी, आणि मग काळोख.

शिवकुमार पळत आला. रॅम काढली, खोडरबरानं तिचे सोनेरी दात घासले, पुन्हा बसवली. चाललं. दोन दिवसांनी पुन्हा निळं. त्यानं कॅमेऱ्याचं सॉफ्टवेअर काढून नवं घातलं. चार दिवस चाललं, मग निळं. त्यानं विंडोज पुसून परत टाकलं, रॅम बदलून दुसरी आणली, विजेचा दाब कमी-जास्त होत असेल म्हणून बॅटरीचा डबा जोडला. शेवटी सगळा कॉम्प्युटर उचलून दुकानात नेला, पाइपनं हवा मारून साफ केला आणि दिवसभर पळवला. एकदाही अडखळला नाही. घरी आणला, दुसऱ्या दिवशी निळा. या दुखण्याला म्हणावं तरी काय? दुकानात चालतं, घरी बंद पडतं.

या सगळ्या खटपटीत विरेश खाटेवरून बघत असायचा. ज्यानं अशी शेकडो यंत्रं उठवली होती तो दोन हातांच्या अंतरावर पडून होता आणि शिवकुमार चाचपडत होता. “विऱ्या, रॅमच काय रे?” शिवकुमार विचारायचा. विरेश डोळे मिटून उघडायचा. “पण नवी रॅम हाय की! पट्टी खराब हाय का?” डोळे रोखलेले. नाही. “मग खोबण?” हो. पण खोबणीला काय झालंय, हे विचारायला शिवकुमारकडं प्रश्न उरायचा नाही.

एकदा त्याला आत पांढरी पूड दिसली. “काका, भिंतीचा चुना झडतोय. तोच जातोय आत. कूलरची ओल लागली की चिकटतोय.” गुरुशांतनं दुसऱ्या दिवशी माणूस लावून भिंत खरवडून घेतली, वर प्लास्टिकचा कागद ठोकला. शिवबाई म्हणाली, “खोली कशी गोदामासारखी दिसायला लागली.” तरी पडदा निळा झालाच.

तेव्हा शिवकुमार कंटाळून बोलून गेला, “काका, माझ्याकडं चालतंय, तुमच्याकडं न्हाय. तुमच्या घरातच कायतरी हाय.”

बस्स. गुरुशांतचं डोकं फिरलं. आजारी पोराच्या घराला असं कुणी म्हणतं?

“माझ्या घरात काय हाय? आँ? बोगस माल आणून बसवतोस आन् माझ्या घराला नावं ठेवतोस? मित्र म्हणं! चल, उचल तुझा पेचकस.”

“काका, मी तसं न्हाय म्हणलो—”

“उचल म्हणतो ना!”

शिवकुमार गेला. जाताना त्यानं विरेशच्या पायाला हात लावला. विरेशचे डोळे रोखलेले होते. तो नाही म्हणत होता, पण कुणाला, ते कुणी बघितलं नाही.

मग कॉम्प्युटर तसाच पडून राहिला. गुरुशांतनं दुसरा एक माणूस आणला, त्यानं तर सगळंच नवं घ्यायला सांगितलं. अशातच विरेशला ताप भरला, छातीत कफ साठला, दवाखाना झाला. घरी आणलं तेव्हा पोरगं आणखी वाळलं होतं. आणि गुरुशांतच्या एक लक्षात आलं. हो म्हणताना विरेशचे डोळे मिटायचे, पण उघडायला वेळ लागायचा. एका जागी नजर ठरवायला गेला की ती घसरायची, उतरणीवर ठेवलेल्या लिंबासारखी. डॉक्टरांनी तपासलं आणि त्याला बाहेर बोलावून सांगितलं, “काय बोलायचं ते आता बोलून घ्या.” गुरुशांत म्हणाला, “आम्ही बोलतोच हो. त्यानं कशानं बोलायचं?”

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दुकानाला निघाला. कोपऱ्यावर गेल्यावर चष्मा विसरल्याचं ध्यानात आलं म्हणून माघारी आला.

घरात उदबत्तीचा वास होता. शिवबाईची पूजा आटपलेली. ती हातात विभूती घेऊन विरेशच्या खाटेशी उभी होती. तिनं त्याच्या कपाळाला तीन बोटं ओढली आणि चिमटीत उरलेली विभूती तळहातावर घेऊन त्याच्या छातीवर हळूच फुंकली. दुधनीकडं तिच्या माहेरी आजारी लेकराला असंच करायचे. आधी कपाळाला, मग उरलेली अंगावर फुंकायची, म्हणजे दुखणं उडून जातं. मग ती कॉम्प्युटरकडं वळली. लोखंडी डब्यावर तीन बोटं ओढली. ती तीन बोटं गुरुशांत रोज बघत होता, त्यात नवल काय, त्याच्या दुकानातल्या काट्यालाही रोज विभूती लागत होती. पण आता शिवबाई वाकली. उघड्या पोटाच्या त्या डब्यात, आतल्या हिरव्या पट्टीवर, तिनं तळहात धरला, डोळे मिटले, ओठ हलवले आणि फुंकलं.

खिडकीतून ऊन येत होतं. राख उडाली, उन्हात जराशी तरंगली आणि आत बसली. समोर कूलरचं ओलं वारं चालू होतं.

“बोलू दे रे बाबा माझ्या लेकराला,” शिवबाई म्हणाली. “पुन्यांदा बोलू दे.”

गुरुशांत दारात तसाच उभा राहिला. चुन्याची भिंत, खरवडलेली. प्लास्टिकचा कागद. शिवकुमार, हाकलून दिलेला. दुकानात चालतं, घरी बंद पडतं. शिवकुमारकडं कोण फुंकणार होतं? त्याच्या तोंडाशी ओरडणं आलं होतं. अगं बाई, काय करतेस तू! पण त्याची नजर विरेशवर गेली. विरेश आईकडं बघत नव्हता. तो दारातल्या बापाकडं बघत होता. डोळे रोखलेले होते, जिवाच्या आकांतानं रोखलेले, आणि घसरत होते, आणि तो ते पुन्हा ओढून आणत होता. नाही. नाही. नाही.

गुरुशांत गप्प बसला. जन्मात कधी नाही ते गप्प बसला. शिवबाईनं मागं वळून पाहिलं.

“ओ, कशाला आलात परत?”

“चष्मा,” तो म्हणाला.

तो तडक नवी पेठेत गेला. शिवकुमारच्या दुकानासमोर उभा राहिला. माफी मागायची सवय असती तर मागितली असती. “चल,” एवढंच म्हणाला. शिवकुमारनं त्याचं तोंड बघितलं, पिशवी उचलली आणि गाडी काढली. वाटेत गुरुशांतनं त्याला सांगितलं. शिवकुमारनं गाडी कडेला घेतली आणि हँडलवर डोकं टेकलं. “काका, विऱ्याला दिसत असणार की,” तो म्हणाला. “रोज समोर तर चाललं होतं.”

हेच गुरुशांतच्या डोक्यात घोळत होतं. मधल्या दिवसांत, जेव्हा जेव्हा यंत्र चाललं, तेव्हा पोरगा बोलला होता. उशी वर करा म्हणाला होता, पंखा कमी म्हणाला होता. मग हे का नाही बोलला?

शिवबाईला त्यांनी सामान आणायला बाजारात पाठवलं. शिवकुमारनं रॅम काढली, खोबणी टॉर्चनं बघितली. दातांच्या फटीत राख ओली होऊन वाळली होती, चुन्यासारखी घट्ट. त्यानं ब्रशनं, औषधानं, टोकदार काडीनं एकेक फट साफ केली. मग झाकण लावलं आणि चारी स्क्रू पिळले. कॉम्प्युटर चालू केला आणि बघत बसले. काही झालं नाही. निळं नाही, रडवेलं तोंड नाही.

“आता मी थांबत न्हाय, काका,” शिवकुमार म्हणाला. “तुम्ही दोघं बोला.”

तेवढ्यात शिवबाई परतली. झाकण लावलेलं पाहून म्हणाली, “हे का हो बंद केलं?”

“शिवकुमार म्हणतो, आता उघडं ठेवायचं न्हाय. झाकलं तरी थंड राहतंय.”

“मग इभूती?”

“वरून लाव की. देवाला काय झाकणाची अडचण हाय?”

तिला ते पटलं. ती स्वयंपाकघरात गेली आणि तिथं शेंगदाण्याच्या चटणीसाठी मिक्सर सुरू झाला. गुरुशांतनं स्टूल ओढलं. तोंड विरेशच्या कानाशी नेलं.

“विरु, तुला ठावं होतं?”

विरेशनं डोळे मिटले. ते उघडायला त्याला फार वेळ लागला.

“मग बोलला का न्हाईस रे? तुझे एवढे दिवस गेले. बोलायचे दिवस होते ते. मला का न्हाय सांगितलंस?”

विरेशनं पडद्याकडं पाहिलं. नजर अक्षरावर नेली, ती घसरली. पुन्हा नेली. गुरुशांतला वाटलं, अ येईल. प येईल. एवढ्या दिवसांचं अडलेलं येईल. पण स उमटला. मग पुढचं अक्षर भलतंच पडलं, ते पुसलं, परत. विरेशच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते रडणं होतं की ताण होता कोण जाणे. गुरुशांत पंच्यानं पुसत राहिला. मिक्सर घरघरत होता. कॉम्प्युटर म्हणाला, “सांगू.” गुरुशांत पडद्याकडं वाकला. कॉम्प्युटर म्हणाला, “नका.” विरेश थांबला नाही. उरलासुरला जोर लावून त्यानं आणखी एक शब्द लिहिला. मिक्सर थांबला, आणि घरातल्या शांततेत ती गाडीवाली बाई खणखणीत आवाजात म्हणाली, “अव्वाला.”

शिवबाई धावत आली. हात तिखटाचे, पदर कुठं तर कुठं.

“माझं नाव घेतलं की! मी ऐकलं. काय म्हणला ओ? काय म्हणला माझा लेक?”

पडद्यावर तीनही शब्द ओळीत उभे होते. शिवबाईला कन्नड वाचता यायचं, मराठी अक्षरं तिला लागायची नाहीत. गुरुशांतनं पोराकडं पाहिलं. एवढ्या कष्टानं मिळवलेले तीन शब्द. त्यात बापाचं नाव नव्हतं. देवघराची कडी पुन्हा लागू नये, एवढ्यासाठी या पोरानं आपली जीभ दुसऱ्यांदा जाऊ दिली होती, रोज सकाळी, डोळ्यांदेखत, आईच्या फुंकरीखाली.

“तुला बोलवतोय,” गुरुशांत म्हणाला. “अव्वाला बोलवा म्हणला.”

विरेशचे डोळे मिटले आणि सावकाश उघडले.

शिवबाई स्टुलावर बसली, त्याच्या पुढ्यात. “आले बघ. बोल की रे. बोल.” विरेशनं तिच्यासाठी पुन्हा नजर उचलली. ती एका अक्षरावरून दुसऱ्यावर गेली, घसरली, पडद्याच्या बाहेर गेली. काहीच उमटलं नाही. “दमला असंल,” ती म्हणाली. “उद्या बोलंल.”

त्या दिवसानंतर पडदा कधीच निळा झाला नाही. सगळा पावसाळाभर कॉम्प्युटर तक्रार न करता चालला. सकाळी लावला की अक्षरं मांडून तयार बसायचा, आणि विरेशची नजर त्यांतल्या एकावरही पुन्हा ठरली नाही. गुरुशांतला अप्पा ऐकायला मिळालं नाही. पोरानं त्याला हाक मारली नव्हती, काम सांगितलं होतं. ते काम त्याला रोज सकाळी करावं लागायचं, कारण शिवबाई पूजा झाली की झाकणावर तीन बोटं ओढायची, चालू पडद्याकडं समाधानानं बघायची आणि न चुकता म्हणायची, “बघा, शेवटी माझ्या इभूतीनंच चाललं का न्हाय?”

“व्हय,” गुरुशांत म्हणायचा. “तुझ्या इभूतीनंच चाललं.”